घाटमाथ्यावरचा आवाज : लिबिया लोबो सरदेसाई

२०२५च्या जानेवारीत पद्म पुरस्कारांची यादी आली. त्यानंतरच्या आपल्या मंडळाच्या बैठकीत एका तरुण सभासदाने विचारलं, "या लिबिया लोबो सरदेसाई कोण हो?" वय शंभर, राज्य गोवा, पुरस्कार पद्मश्री, एवढंच त्याच्या वाचनात आलं होतं. बैठकीला पंधरा-वीस जण होतो. दोघा-तिघांनी सांगितलं, गोवा मुक्तीच्या वेळी रेडिओवर बोलायच्या. एकाने "वामनराव सरदेसायांच्या मिसेस" असं म्हणून विषय मिटवला आणि चहा आला.

मला ते लागलं. का लागलं ते पुढे येईलच. त्या दिवशी मी काही बोलले नाही, पण घरी येऊन ठरवलं की पुढच्या वाचनाला हाच विषय घ्यायचा. मी इतिहासाची नाही, शाळेत बत्तीस वर्षं भूगोल शिकवला. तेव्हा सनावळीपेक्षा घाट, पाऊस आणि रेल्वेचा रूळ यांच्याकडे माझं लक्ष जास्त जातं, हे वाचकांनी चालवून घ्यावं.

लिबियाबाईंचा जन्म २५ मे १९२४चा, गोव्यातला. वाढल्या मात्र मुंबईत. त्या काळी गोव्यातली ख्रिस्ती कुटुंबं मोठ्या संख्येने मुंबईला येत. कुणी बोटीवर, कुणी बँडमध्ये, कुणी कचेरीत नोकरीला. धोबीतलाव, माझगाव भागांत गावागावाच्या नावाने 'कूड' असत. गावाहून आलेला माणूस ट्रंक घेऊन आधी तिथे उतरायचा. मुंबईत ब्रिटिशांचं राज्य आणि घरी पोर्तुगिजांचं. एकाच माणसाला दोन साम्राज्यं जवळून बघायला मिळायची. मुंबईत सभा भरवता येत होती, वर्तमानपत्र काढता येत होतं; गोव्यात लग्नपत्रिका छापायची तरी सेन्सॉरच्या नजरेखालून जावं लागे, असं आमच्याकडे जुनी माणसं सांगत. १९४७ नंतर तर हा फरक आणखी डोळ्यांत भरू लागला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिबियाबाईंनी मुंबईत सेन्सॉर कचेरीत काम केलं. भारतात ठेवलेल्या इटालियन युद्धकैद्यांची पत्रं वाचून त्यांचं भाषांतर करण्याचं ते काम होतं. पुढे आकाशवाणीत त्या लघुलेखक होत्या आणि ग्रंथालयाचंही काम त्यांनी केलं. शिवाय कायद्याचं शिक्षण घेतलं. ही यादी मी मुद्दाम देते आहे. पुष्कळ लेखांत या नोकऱ्या एका वाक्यात उरकतात आणि मग एकदम जंगलातला रेडिओ येतो, जणू काही देशभक्ती अंगात आली आणि बाई माइकसमोर बसल्या. पण पाहा ना. सेन्सॉर कचेरीने त्यांना हे शिकवलं की सरकार दुसऱ्याचं पत्र कसं वाचतं आणि काय दडवू पाहतं. लघुलेखनाने वेग दिला. ऐकता ऐकता उतरवून घेण्याची सवय दिली. ग्रंथालयाने कात्रण कसं ठेवायचं, हवं तेव्हा कसं काढायचं हे दिलं. आणि आकाशवाणीच्या इमारतीत वावरलेल्या माणसाला घड्याळाची भीती कायमची बसते. कार्यक्रम म्हणजे कार्यक्रम, एक मिनिट उशीर चालत नाही. पुढच्या सहा वर्षांत यातली एकेक गोष्ट उपयोगाला आली.

मुंबईत त्या गोवन यूथ लीगमध्ये काम करू लागल्या. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा हे त्या पिढीचं मोठं नाव. गोवेकरांचं 'अराष्ट्रीयीकरण' कसं झालं यावर त्यांनी १९४४ साली लिहिलं होतं. १९४६ साली, म्हणजे लोहियांनी १८ जूनला मडगावात सभा घेतली त्याच वर्षी, लष्करी न्यायालयाने त्यांना आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालच्या पेनिश किल्ल्यात पाठवलं. १९५३ साली ते पोर्तुगालमधून निसटून मुंबईला आले. कुन्हा ख्रिस्ती, लिबिया लोबो ख्रिस्ती. हे सांगायचं कारण असं की सालाझारचा सगळा दावाच त्यावर उभा होता : गोवा धर्माने आणि संस्कृतीने पोर्तुगीज आहे, ती वसाहत नव्हेच, 'सागरापलीकडचा प्रांत' आहे. प्रत्यक्षात गोव्यात हिंदू बहुसंख्य होते, पण ते उत्तर लिस्बनला ऐकू जात नव्हतं. कुन्हा किंवा लोबो आडनावाच्या माणसाने पोर्तुगीज भाषेत "आम्ही तुमचे नाही" म्हटलं, तर ते खोडून काढायला त्यांच्याकडे काही नव्हतं.

आता १९५४-५५ची दोन वर्षं. बेळगावच्या वाचकाला ती फार सांगायला नकोत. नॅशनल काँग्रेस (गोवा)चं काम इथूनच चालायचं, पीटर अल्वारिस इथेच असायचे. १९५५च्या एप्रिलमध्ये सुधाताई जोशी म्हापशाला अध्यक्षीय भाषण करायला गेल्या आणि पकडल्या गेल्या. मे महिन्यात नानासाहेब गोरे, सेनापती बापट यांची तुकडी गेली. आणि १५ ऑगस्टला हजारो सत्याग्रही निःशस्त्र सरहद्द ओलांडून गेले तेव्हा पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या घातल्या. वीसहून अधिक माणसं मेली. त्यानंतर दिल्लीने पणजीची वकिलात बंद केली, पोर्तुगालशी संबंध तोडले आणि सप्टेंबरात सत्याग्रहींना सरहद्दीवर जायलाही मनाई केली. कॅसलरॉकहून कुळ्याला उतरणारी गाडी थांबली. माणसं अडली, माल अडला. वर्तमानपत्रंही अडली.

रेडिओचा जन्म या अडलेपणातून झाला. माणूस जाऊ शकत नाही, कागद जाऊ शकत नाही, मग काय जाईल?

यंत्र कुठून आलं याची हकिगत मला फार आवडते. १९५४च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली मुक्त झाली. आझाद गोमंतक दलाच्या त्या मोहिमेत आपले सुधीर फडके होते, हे मराठी माणसाला ठाऊक असतं. निदान असायला हवं. तिथे पोर्तुगिजांचे दोन बिनतारी संच हाती लागले. ते जुळवून, त्यात फेरफार करून प्रक्षेपक तयार केला आणि ट्रकवर चढवला. म्हणजे पोर्तुगीज राज्याच्या निरोपांसाठी आणलेल्या यंत्रातूनच पोर्तुगीज राज्याविरुद्धच्या बातम्या जाऊ लागल्या. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी केंद्र सुरू झालं. पोर्तुगीजमध्ये नाव 'व्होझ द लिबर्दाद', कोकणीत 'गोंयचे सोडवणेचो आवाज'. चालवणारे वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो. सुरुवातीच्या काळात निकोलाव मिनेझिसही होते, ते पुढे बाहेर पडले. मग दोघंच उरले.

आधी जागा आंबोलीच्या जंगलातली, नंतर कॅसलरॉकची. नकाशा समोर धरा. सह्याद्रीची कड जवळजवळ दक्षिणोत्तर धावते आणि तिच्या पायथ्याशी पश्चिमेला गोवा पसरलेला आहे. बेळगाव, आंबोली, कॅसलरॉक ही सगळी त्या कडेवरची किंवा कडेमागची ठिकाणं. कडेवर उभं राहिलं की खाली गोवा. मधे भारताच्या बाजूने दुसरा डोंगर आडवा येत नाही. लहरी उतारावरून जाव्यात तशा जातात. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना हे वाक्य आवडणार नाही, पण मुलांना मी असंच सांगायचे. या कडेवर सहा वर्षं राहणं म्हणजे काय हे ज्याने आंबोलीचा जुलै पाहिलाय त्यालाच कळेल. महाराष्ट्रातल्या सर्वांत जास्त पावसाच्या जागांपैकी ती एक. धुकं दारातून आत येतं, कपडे वाळत नाहीत, कागद हाताला ओला लागतो, आगपेटी पेटत नाही. लिबियाबाई मुलाखतींमधून तिथल्या सापांबद्दल, जनावरांबद्दल बोलल्या आहेत. मला मात्र सापांपेक्षा त्या ओल्या कागदांचंच जास्त वाटतं. बातमीपत्र टंकलिखित करायचं, आणि कागद फुगलेला.

कॅसलरॉक आज तुम्हाला पाहता येतं. लोंढ्याहून गाडीने गेलं की तिनईघाटानंतर झाडी दाटत जाते आणि स्टेशन येतं. घाट उतरण्या-चढण्यासाठी गाडीला जादा इंजिनं लावतात, म्हणून गाडी इथे बराच वेळ थांबते. पुढे दूधसागर आणि कुळे. मुक्तीपूर्वी ही सरहद्दीची जागा होती, भारताचा जकातनाका इथे, पोर्तुगिजांचा खाली कुळ्याला. मी दोन वर्षांपूर्वी गेले होते. फलाटावर बसून चहा घेतला. डब्यातली मुलं धबधब्यासाठी खिडक्यांशी गर्दी करून होती, आणि मी त्यांच्या पाठीमागच्या झाडीकडे बघत होते.

रोजचं काम काय असेल? ते उत्कंठेचं नव्हतं, कष्टाचं होतं. आणि हे मला या लेखात सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. दुसरी केंद्रं ऐकायची, नोंदी घ्यायच्या. वर्तमानपत्रं मिळवायची. गोव्यातून गुप्तपणे येणारी माहिती तपासायची. त्यातून पोर्तुगीज आणि कोकणी अशा दोन भाषांत मजकूर लिहायचा. सकाळी वेळेवर बोलायचं. आणि बोलून झालं की उद्याची तयारी. दिवसाचे अठरा अठरा तास यात जात, असं त्या सांगतात. २५ नोव्हेंबर १९५५ ते १९ डिसेंबर १९६१ हे दिवस मी कागदावर मोजले. दोन हजार दोनशेच्या वर भरतात. वर्ग घेणाऱ्या माणसाला विचारा, एकाच विषयावर दोन हजार दिवस नवं काय सांगायचं!

पण सांगण्यासारखं होतं, कारण गोव्यातल्या माणसाला बाहेरचं काहीच कळू दिलं जात नव्हतं. केंद्र सुरू होऊन आठवडा होतो न होतो तोच २ डिसेंबर १९५५ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री कुन्हा (हे वेगळे कुन्हा) यांच्या संयुक्त निवेदनात गोव्याचा उल्लेख पोर्तुगीज प्रांत म्हणून झाला. त्याच दिवसांत भारताच्या दौऱ्यावर आलेल्या बुल्गानिन आणि ख्रुश्चेव्ह यांनी भारताची बाजू उघडपणे घेतली. डिसेंबर संपायच्या आत पोर्तुगाल दादरा-नगर हवेलीचा वाद घेऊन हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. निकाल लागायला १९६० उजाडलं. १९६०च्याच डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पोर्तुगालच्या 'प्रांतां'ची गणना स्वयंशासन नसलेल्या प्रदेशांत केली, त्यात गोवाही होता. १९६१ उजाडलं ते अंगोलाचा उठाव घेऊन. सेन्सॉरच्या हाताखाली चालणाऱ्या छापखान्यातून यातलं किती आणि कोणत्या रूपात बाहेर पडणार? आणि पणजीला सरकारचं स्वतःचं रेडिओ केंद्र होतंच, 'एमिसोरा द गोवा'. त्याला उत्तर द्यायचं तर घोषणा देऊन भागत नाही. तारखा, नावं, आकडे लागतात. ग्रंथपालबाई इथे कामाला आल्या.

इथे आपल्या मंडळातल्या एका ज्येष्ठांचा आक्षेप मला नोंदवायला हवा. वाचन झालं तेव्हा ते म्हणाले, "गोव्यातले हिंदू मराठी वाचत होते, मराठी बोलत होते, मग केंद्राला मराठीचं वावडं का?" बेळगावात हा प्रश्न येणारच. १ नोव्हेंबर १९५६ ही तारीख ज्या गावात काळजात रुतलेली आहे, तिथे भाषेचा प्रश्न सोडून काहीच ऐकलं जात नाही, मीही नाही. पण माझं मत असं आहे. वावडं नव्हतं, पत्ता वेगळा होता. पोर्तुगीज भाषा होती ती राज्यकर्त्यांना, नोकरशाहीला, सैन्यातल्या अधिकाऱ्याला आणि शिकलेल्या ख्रिस्ती घरांना ऐकवण्यासाठी. मराठीतून कितीही प्रखर लिहिलं तरी गव्हर्नर जनरलच्या कानाला ते लागणार नव्हतं. आणि कोकणी होती ती चुलीपुढे बसलेल्या माणसासाठी, मग तो हिंदू असो की ख्रिस्ती. मराठी वाचता येणारे गोव्यात पुष्कळ होते, कोकणी न समजणारा मात्र शोधावा लागला असता. रेडिओ ऐकायचा असतो, वाचायचा नसतो.

आता घरातली गोष्ट.

माझी थोरली मावशी मडगावला दिलेली होती. १९५५ला सरहद्द बंद झाली आणि मावशीचं माहेरपण संपलं. आमच्या आजीची ती पहिली लेक. टिळकवाडीतल्या आमच्या घरात एक व्हॉल्व्हचा रेडिओ होता, लाकडी खोक्याचा, वरती क्रोशाचा रुमाल. आजोबा तो दिल्ली-मुंबईच्या बातम्यांसाठी लावायचे. सकाळी मात्र रेडिओ आजीचा असायचा. खरखरीतून मधूनच एका बाईचा आवाज वर यायचा आणि पुन्हा बुडायचा. पोर्तुगीज चालू असलं की आजी भाजी निवडत बसायची. कोकणी सुरू झालं की हात थांबायचे. मी पाच-सहा वर्षांची असेन. मी विचारलं की म्हणायची, "गप. तिकडे ताई पण हेच ऐकत असेल आत्ता." तिला मुक्तीचं किती कळत होतं देव जाणे. पण त्या एका तासात तिची लेक आणि ती एकाच ठिकाणी बसलेली असायची.

मावशीने पुढे सांगितलं ते असं. त्यांच्याकडे खिडक्या लावून, रेडिओवर गोधडी टाकून ऐकायचे. नाव कुणाला माहीत नव्हतं. सगळे "ती बाय" म्हणायचे. आज बायचा आवाज बसलाय, बायला सर्दी झालीय. एकदा कोणी म्हणालं ती लग्न झालेली आहे, कोणी म्हणालं नन होती, पळून आली. शेजारच्या ख्रिस्ती म्हातारीने ठासून सांगितलं होतं म्हणे, "आमचीच आहे, उच्चारावरून कळतं."

"ती बाय" तेव्हा बत्तिशीत होती, अविवाहित होती आणि परक्या पुरुषांबरोबर जंगलात राहून काम करत होती. १९५५ साली. हे वाक्य आज सहज लिहिता येतं. आमच्या शाळेत १९७० साली सहलीला मुलींबरोबर एक शिक्षक जास्त आहेत म्हणून पालकांनी तक्रार केली होती! लिबियाबाईंच्या धाडसाबद्दल बोलताना लोक गोळ्या आणि तुरुंग यांबद्दल बोलतात. मला वाटतं, ओळखीच्या चार घरांत काय बोललं जाईल याची पर्वा न करणं हे त्याहून कमी नव्हतं.

एक शंका मी टाळणार नाही. हे केंद्र खरंच 'भूमिगत' होतं का? ते भारताच्या हद्दीत होतं. पोर्तुगीज पोलीस तिथे येऊन पकडू शकत नव्हते. पण भारतातही परवान्याशिवाय प्रक्षेपण करणं हा गुन्हाच होता, आणि सत्याग्रहाला मनाई करणारं सरकार या केंद्राला उघडपणे आपलं म्हणू शकत नव्हतं. सहा वर्षं ते चाललं याचा अर्थ वरच्या कुणीतरी डोळेझाक केली असणार, हे माझं अनुमान. उषाबेन मेहतांच्या काँग्रेस रेडिओशी नेहमी तुलना होते. तो २७ ऑगस्ट १९४२ला सुरू झाला आणि १२ नोव्हेंबरला पकडला गेला, अडीच महिन्यांत. तिथे रोज जागा बदलायची, पोलीस मागावर, पकडलं की तुरुंग. ती जोखीम वेगळ्या जातीची होती आणि ती मोठी होती, हे मान्य करायला हवं. इथे जोखमीपेक्षा चिकाटी मोठी. नायिका म्हणून कोण सरस, असल्या स्पर्धेत मला पडायचं नाही. पण एक म्हणते : अडीच महिन्यांची गोष्ट सांगायला सोपी असते. सहा वर्षं रोज सकाळी उठून तेच करण्याची गोष्ट कशी सांगायची?

१९६१चा डिसेंबर मला स्वतःला आठवतो. मी दहा वर्षांची. बेळगावचे रस्ते लष्करी गाड्यांनी भरले. शाळा भरत होती, पण लक्ष कुणाचं लागणार? सांबऱ्याच्या बाजूने विमानं उडायची आणि आम्ही मुलं गच्चीवर. त्याच दिवसांत कृष्ण मेनन यांच्याकडून आलेला शरणागतीचा निरोप लिबियाबाईंच्या केंद्रावरून गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांना ऐकवण्यात आला. ज्या केंद्राला सहा वर्षं कोणी नाव दिलं नव्हतं, त्याच्यामार्फत आता संरक्षणमंत्री बोलत होते. उत्तर आलं नाही. सालाझारने तर शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा हुकूम दिलेला होता. १७च्या रात्रीपासून सैन्य शिरलं. १८ला सांबऱ्याहून उडालेल्या हंटर विमानांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र उद्ध्वस्त केलं. म्हणजे आमच्या गच्चीवरून आम्ही जी पाहिली त्यांतलीच ती असावीत. लिस्बनशी बोलण्याची तार तुटली. कॅसलरॉकचा आवाज मात्र चालू होता. १९ डिसेंबरला संध्याकाळी साडेआठच्या सुमारास शरणागतीवर सही झाली. सगळं मिळून छत्तीस तासांचं काम. (वासालो इ सिल्वांना पुढे त्यांच्याच सरकारने सैन्यातून काढून टाकलं. पणजी बेचिराख न करता त्यांनी हत्यार खाली ठेवलं, याचं हे बक्षीस. गोव्याच्या माणसाने त्यांच्याबद्दल एखादा बरा शब्द बोलायला हरकत नाही.)

विमानाची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, म्हणून थोडक्यात. एका वरिष्ठ लष्करी अधिकाऱ्याने विचारलं, आता आनंद कसा साजरा करणार? त्या म्हणाल्या, आभाळात जाऊन सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटतं. आणि तसंच झालं. हवाई दलाच्या विमानाला ध्वनिक्षेपक बसवला, लिबियाबाई आणि वामनराव चढले आणि दोनेक तास गोव्यावरून फिरत पोर्तुगीज आणि कोकणीतून सांगत राहिले की चारशे एक्कावन्न वर्षांची राजवट संपली. पत्रकंही टाकली. मावशीच्या घरची मंडळी अंगणात येऊन वर बघत होती. मावशी म्हणायची, शब्द नीट कळले नाहीत, वारा होता. पण आवाज ओळखला. सासूबाई म्हणाल्या, "बायच गो ती!"

जानेवारीत मावशी बेळगावला आली, तो प्रसंग मी लिहीत नाही. तो आमच्या घरचा.

मुक्तीनंतर पुष्कळ स्वातंत्र्यसैनिक पेन्शन आणि ताम्रपटात अडकून राहिले. लिबियाबाई कामाला लागल्या. गोव्याच्या पहिल्या पर्यटन संचालक त्या झाल्या. आज गोव्याचं पर्यटन बघून आपण नाकं मुरडतो, पण तेव्हा बाहेरच्या भारतीयाला गोवा म्हणजे गोळीबाराची सरहद्द एवढंच माहीत होतं. तिथे या, बघा, असं सांगणं हेही प्रक्षेपणच होतं म्हणायचं. वकिली केली. बायकांसाठी सहकारी बँक उभी करण्यात पुढाकार घेतला. मला हे काम रेडिओइतकंच मोलाचं वाटतं, आणि त्याच्याबद्दल सगळ्यांत कमी लिहिलं जातं. १९६० ते ८०च्या दशकांत बँकेच्या काउंटरवर एकट्या बाईला काय ऐकून घ्यावं लागे ते मी सांगू शकते. कर्जाच्या अर्जावर माझी सही असूनही, माझी नोकरी कायम असूनही, इथल्या एका बँकेतल्या गृहस्थांनी मला "साहेबांना घेऊन या" म्हणून परत पाठवलं होतं. साहेब म्हणजे माझे यजमान. ते तेव्हा बेकार होते. बायकांची बँक म्हणजे काय, हे त्या दिवशी मला फार नीट कळलं असतं.

१९६४ साली लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी लग्न केलं. वामनराव पुढे अंगोलात भारताचे राजदूत झाले. सालाझारची ती आणखी एक वसाहत, १९७५ला सुटलेली. जंगलात बसून पोर्तुगीज बोलणाऱ्या माणसाला याहून योग्य नेमणूक कोणती मिळणार! १९९२ साली वामनरावांना पद्मश्री मिळाली. ती मिळायलाच हवी होती. दोन वर्षांनी ते गेले.

आणि २०२५ला लिबियाबाईंना. एकच ट्रक, एकच माइक, तेच दोन हजार दिवस. मधे तेहतीस वर्षं. त्यात कुणाचा दुष्टपणा असेल असं मला वाटत नाही. आपण नोंदी ठेवतो त्यातच ते असतं. नवऱ्याच्या नावाखाली बायकोची नोंद आली की काम झालं, असं आपल्याला मनापासून वाटतं. लग्न १९६४चं, काम १९५५चं. ती जेव्हा बोलत होती तेव्हा कुणाचीच मिसेस नव्हती.

हे वाचन झालं त्या संध्याकाळी मी मंडळाच्या कपाटातला कार्डांचा खण काढून दाखवला. गोवा मुक्तीची आपली कार्डं १९८०च्या सुमारास केलेली, सुंदर अक्षरातली. 'स'मध्ये 'सरदेसाई, वामन' असं कार्ड आहे. त्यावर खाली, पेन्सिलीने, 'पत्नी लिबिया याही सहभागी'. 'ल'मध्ये काही नाही. ज्यांनी पहिला प्रश्न विचारला होता त्या तरुण सभासदानेच कोरं कार्ड घेतलं आणि विचारलं, "लोबो लिहू की सरदेसाई?" त्यावर मग अर्धा तास वाद झाला. शेवटी दोन कार्डं केली. 'लोबो, लिबिया. ज. २५ मे १९२४. निवेदिका, व्होझ द लिबर्दाद, १९५५-६१.' आणि 'स'मध्ये : 'सरदेसाई, लिबिया. पहा : लोबो.'